घोडा नसलेले जुने ठासणीचे पिस्तूल विकत घ्यावे का? परवान्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहतो. जुनी कुलुपे, अडकित्ते, तलवारीच्या मुठी असले काहीबाही जमवायचा नाद आहे. सध्या साताऱ्याकडच्या एका गृहस्थांकडे एक चकमकीचे पिस्तूल आहे. वाडा पाडताना माळ्यावर सापडले म्हणतात. किंमत अठरा हजार सांगतात, थोडी उतरेल.

वस्तूची अवस्था अशी: नळी साधारण नऊ इंच, गंजलेली पण आरपार मोकळी. लाकडी दस्ता शाबूत, पितळी टोपण जागेवर. चापाच्या पट्टीवर पुढचा पाय उचललेला, मुकुट धरलेला सिंह स्पष्ट दिसतो. मात्र गारगोटी धरणारा घोडा नाही, आतली कमान तुटलेली आहे आणि खालचा गजही गायब आहे. कागदपत्रे अर्थातच नाहीत.

मालक म्हणतात, "अहो, अर्धवट वस्तू आहे, शोभेची. लायसन कसलं आलंय?" हे मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

माझे प्रश्न: अपुरे आहे एवढ्यावरून ते शस्त्र कायद्यातून सुटते का? विलायतेत जुन्या पिस्तुलांचे सुटे घोडे ओतीव मिळतात. तसा मागवून किंवा इथे कारागिराकडून घडवून बसवला तर चालेल का? (उडवायचे नाही, फक्त पूर्ण दिसावे म्हणून.) आणि साताऱ्याहून पुण्याला गाडीतून आणायचे कसे?

– माळ्यावरचा

*

रानपाखरू: एवढा विचार कशाला? आमच्या आजोळी कोकणात माजघरात ठासणीची बंदूक खुंटीला टांगलेली असायची. कुणी विचारायला आलं नाही. घ्या आणि काचेच्या पेटीत ठेवा.

तालुका वकील: रानपाखरू, कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे रीतसर परवाने असतात. तुमच्या आजोबांकडेही असणार, नातवंडांना कोण दाखवतंय?

आता मूळ प्रश्न. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीच्या व्याख्येतच तिचे सुटे भाग येतात. म्हणजे नुसती नळी हातात असली तरी तुम्ही कायद्याच्या बाहेर नाही. सूट कलम ४५ मध्ये आहे. खंड (क) नुसार कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार वगळले आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसेही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. सगळी मेख 'दुरुस्त करून' या दोन शब्दांत आहे. तुमची नळी आरपार मोकळी आहे. घोडा आणि कमान बसवली की ते उडेल, असे तपासणाऱ्या तज्ज्ञाने लिहिले तर सूट गेली.

त्याच कलमाचा खंड (ड) किरकोळ सुट्या भागांना सूट देतो, पण ते पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तरच. म्हणजे विलायतेहून घोडा मागवलात की तुम्ही स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा मागवलात. शिवाय शस्त्राचा भाग आयात करायलाही परवाना लागतोच. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद, वर दंड. 'शोभेची होती' हे कोर्टात सांगता येईल, पण तोवर वस्तू मुद्देमालात आणि तुम्ही जामिनाच्या रांगेत.

पितळी टोपण: वकीलसाहेब, २०२० च्या नियमदुरुस्तीचं राहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने २०१६ च्या शस्त्र नियमांत बदल केला. 'क्युरिओ' (जुनी, संग्रहात ठेवण्याजोगी वस्तू) प्रकारात मोडणारी लहान शस्त्रे घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला, जवळ बाळगून फिरायला किंवा वाहतुकीला मात्र लागतो. आम्हा संग्राहकांना यातच खरा आधार आहे.

तालुका वकील: बरोबर, आणि धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. घरात असणे वेगळे आणि डिकीत टाकून खंबाटकी ओलांडणे वेगळे. वस्तू क्युरिओ आहे हे विकणाऱ्याने तोंडी सांगून भागत नाही. खरेदीआधी फोटो आणि मापांसह पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज द्या. वस्तू साताऱ्यात आहे, तेव्हा तिथल्या मालकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात तसाच अर्ज करावा. उत्तर यायला वेळ लागेल, पण पोच घ्या.

पितळी टोपण: मुकुट धरलेला सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण. १८०८ च्या सुमाराआधी त्यांच्या शस्त्रांवर हृदयाच्या आकाराची गाठोड्याची खूण असे, नंतर सिंह आला. खरे असेल तर अठरा हजार जास्त नाहीत. पण नकली मालही ढिगाने आहे. नव्या नळीला आम्लाने गंज चढवून 'माळ्यावर सापडलं' म्हणून विकतात. सिंहाच्या रेषा धारदार आणि भोवतीचा गंज मात्र खोल असेल तर संशय घ्या. चापाची पट्टी काढून आतली बाजू बघायला मिळाली तर उत्तम, तिथे कारागिराच्या खुणा सापडतात. आणि गंमत अशी की वस्तू नकली निघाली तर पैसे जातातच, शिवाय क्युरिओची सवलतही जाते. नळी मोकळी असलेलं नवं पिस्तूल म्हणजे सरळ गावठी कट्टा.

रानपाखरू: नळीत शिसं ओतून बुजवली तर?

पितळी टोपण: शिसं तापवलं की वितळतं, त्याला कोण बुजवणं म्हणेल? वेल्डिंग करून कायमची बंद केली तर खंड (क) चा आधार पक्का होतो, पण दोनशे वर्षांच्या वस्तूची किंमत तिथेच संपते. आणि ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावं लागेल, गल्लीतल्या वेल्डरकडे नव्हे. वस्तू शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लागतो. घरी ठेवायला अडचण नाही, पण उद्या परदेशातल्या कुणाला विकून पाठवता येणार नाही.

माळ्यावरचा: मनापासून आभार. घोडा बसवायचा बेत सोडला. मालकांना आज फोन केला, पट्टी उघडून आतले फोटो पाठवायला तयार आहेत. अर्जाचं नाव काढल्यावर मात्र म्हणाले, "माझं नाव कुठे घालू नका." मग बयाणा देऊ का थांबू?

तालुका वकील: थांबा. ज्याला नाव द्यायचं नाही त्याच्याकडून पावती कशी मिळणार? उद्या कुणी विचारलं तर दाखवाल काय? साताऱ्यातला अर्ज त्यांनीच करायचा आहे. करत नसतील तर सौदा नको.