ठसे मारून केलेलं फुलांचं भेटकार्ड: तुमच्या आठवणी लिहा

मोरपंखी_चादर:
परवा दिवाणातल्या चादरी उन्हात घालायला काढल्या. आजोबांच्या मोरपंखी सोलापुरी चादरीची घडी उलगडली आणि आतून एक कार्ड पडलं. माझंच! चौथीत असताना संक्रांतीला त्यांच्यासाठी केलेलं.

वर भेंडीच्या ठशांची तीन लाल फुलं, त्यांच्यामागून अर्धी डोकावणारी पिवळी. तेव्हा आत्याने शिकवलं होतं, "जे फूल पुढे दिसायला हवं ते आधी मारायचं." मला हे उलटंच वाटलं होतं. आधी लाल फूल मारून वाळू द्यायचं. त्याच चकतीचा एक ठसा रद्दी कागदावर मारायचा, तो कापून लाल फुलावर बरोबर बसवायचा आणि मग त्याच्या कडेवर चढवून पिवळा ठसा मारायचा. कागद उचलला की पिवळं फूल आपोआप मागे गेलेलं! आत्याने पहिल्यांदा उचलून दाखवला तेव्हा मी ओरडलेच होते.

एका फुलाभोवती पांढरी फट राहिली आहे, कारण झाकायचा कागद मी रेषेच्या बाहेरून कापला होता. रेषेच्या किंचित आतून कापायचा असतो.

आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीने आजोबांचं अक्षर: "मिळाले. १४-१-९१." मिलच्या स्टोअरमध्ये कारकून होते, आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची सवय. मी तिथेच बसले पाच मिनिटं. तुमच्याकडे आहेत का अशी कार्डं?

शेंगाचटणी:
अगं रडवलंस सकाळी सकाळी. कुकर लावलाय, नंतर येते.

जुळे_सोलापूर:
आम्ही ब्रशवाले. कार्डशीटवर कडुलिंबाची डहाळी ठेवायची, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. तुषार उडतात, डहाळी उचलली की पानं पांढरी. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर हाच कारखाना चालायचा. आईने कंगवा शोधला की आम्ही पळून जायचो. रंग फार पातळ केला की थेंब पानाखाली शिरतात आणि सगळं वाया जातं, एवढं नक्की लक्षात आहे.

मोगरा_७:
ताई, भेंडी कशी कापायची? माझ्या मुलीने काल केलं तर नुसते डाग उठले.

मोरपंखी_चादर:
@मोगरा_७ एका दमात आडवी काप, सुरी मागेपुढे करू नकोस. कापल्यावर चिकट सुटतो, तो फडक्याने टिपायचा आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. नाहीतर रंग घसरतो. रंगात थेट बुडवायची नाही, स्पंजच्या तुकड्यावर पोस्टर कलर पसरून त्यावर टेकवायची. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा कार्डावर.

अशोक_चौक:
आमच्या घरी माग होते. चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर चौकोन भरून काढायची, मग त्यावरून जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. फाटलेले, बाद झालेले पुठ्ठे आम्हा पोरांना मिळायचे. एक पुठ्ठा कार्डावर धरून वरून स्पंजने रंग टिपायचा, भोकांतून ठिपक्यांच्या रांगा उमटायच्या. त्या ठिपक्यांत बोटाचा ठसा मारून नानम्मासाठी, म्हणजे आजीसाठी, फूल करायचो. ती हात लावून म्हणायची, "पुव्वु!" तेलुगूत फूल. मराठी तिला बेताचंच यायचं, पण कार्ड देवघरात ठेवायची. मागांचा आवाज थांबला की झोप मोडायची आमची, एवढी सवय होती.

तिळगूळ:
@अशोक_चौक अहो, आम्ही पण त्याच भागातले! तुमच्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेला पाहुणे यायचे का? आमच्याकडे १२-१३ माणसं असायची, झोपायला जागा नसायची. होम मैदानावरून लाकडी ठसे आणले होते एकदा, मेंदीचे.

अशोक_चौक:
@तिळगूळ यायचे तर! अर्धे नंदीध्वज बघायला, अर्धे नुसते पाळण्यात बसायला.

रंगीत_पेन्सिल:
मी अजून करते, विकतसुद्धा. पारदर्शक ठसे ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरते. मास्कसाठी, म्हणजे झाकायच्या कागदासाठी, चिकट चिठ्ठ्या उत्तम, फक्त फूल गोंदाच्या कडेजवळ मारायचं म्हणजे कापलेला तुकडा कार्डाला धरून राहतो. शाई नीट वाळल्याशिवाय मास्क ठेवू नका. डाय शाई लवकर वाळते, पिग्मेंट शाईला वेळ लागतो. घाईत माझं एका लग्नाचं २० कार्डांचं काम फुकट गेलं, रात्रभर बसून पुन्हा केली.

आणि मास्किंगचा द्रव (कागदावर रंग लागू न देणारं पातळ रबर) लावणार असाल तर ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर रबर केसांत अडकून ब्रश जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात कार्ड उन्हात वाळत टाकू नका. द्रव कागदाला धरून बसतो, काढताना कागद सोलून येतो.

शेंगाचटणी:
आले. माझी आठवण मेणबत्तीची. बाबांची बदली झाली होती, मी त्यांना पांढऱ्या मेणबत्तीने फूल काढून वरून निळा रंग फासून पाठवलं. मेणावर रंग धरतच नाही, त्यामुळे फूल उजळून येतं. बाबांनी उत्तरात लिहिलं होतं, "चंद्र छान काढलास." फूल होतं ते! आता बाबा नाहीत. कार्डही नाही सापडत. पण ते पत्र आहे, जपून ठेवलंय.

जुळे_सोलापूर:
@शेंगाचटणी काकू 🙏

मोगरा_७:
जमलं ताई! आता मुलगी म्हणते आजीसाठी पाच कार्डं करायची. जाड कार्डशीट नवी पेठेत मिळेल ना? घरचा कागद ओला होऊन वळतोय.

रंगीत_पेन्सिल:
@मोगरा_७ मिळते. ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) म्हणून माग, ए४ मधोमध दुमडली की झालं कार्ड. दुमडायच्या रेषेवर आधी बंद पडलेलं बॉलपेन पट्टी लावून फिरव, घडी फाटत नाही.

मोरपंखी_चादर:
मी काल रात्री आत्याला फोन करून कार्ड सापडल्याचं सांगितलं. तिला सगळं आठवतंय, फटसुद्धा. म्हणाली, "तुझे हात लाल झाले होते आणि तू तसाच तिळगूळ दिलास दादांना, तुझ्या आजोबांना. त्यांनी तो तसाच खाल्ला."

तिळगूळ:
आणि त्या भेंडीच्या उरलेल्या तुकड्यांचं काय करायचात? आमची आई भाजीत टाकायची, रंग लागलेला भाग कापून.

शेंगाचटणी:
@तिळगूळ आमचीही! चल गं, भाकरी टाकायच्यात.