फुकटचा वॉचमन, विकतचा वॉचमन

बिनपगारी अ‍ॅडमिन
काल एकाने विचारलं, नवा लॅपटॉप घेतलाय, अँटीव्हायरस कुठला टाकू? त्यावर सातारी बाणा यांचं उत्तर: "फुकटचा अँटीव्हायरस म्हणजे झोपलेला वॉचमन. ५० हजारांचा लॅपटॉप घेता आणि हजार रुपयांसाठी रडता?" सोबत बत्तीस अंगठे. माझा चहा गार झाला, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, विंडोज ८ आलं २०१२ मध्ये. तेव्हापासून अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच येतो. डिफेंडर. सुरुवातीला तो यथातथाच होता, मान्य. आज तो स्वतंत्र चाचण्यांत विकतच्यांच्या पंगतीला बसतो. गंमत म्हणजे नव्या लॅपटॉपात कंपनीने विकतच्या अँटीव्हायरसची कुठलीतरी ट्रायल आधीच कोंबलेली असते, आणि ती चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला सरकून उभा राहतो. मुदत संपत आली की लाल पाट्या सुरू, "तुमचा संगणक धोक्यात आहे". ट्रायल काढा, रीस्टार्ट करा, डिफेंडर आपसूक जागेवर येतो. दरवर्षीचे हजार साठवा आणि बॅकअपला हार्ड डिस्क घ्या.

आणि "फुकट" म्हणजे नेटवरून उतरवलेलं काहीही नव्हे. अवास्टने लोकांचा ब्राउझिंगचा डेटा आपल्याच उपकंपनीमार्फत विकला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर मोजले. तो वॉचमन झोपला नव्हता, घरातल्या गोष्टी बाहेर सांगत होता.

सातारी बाणा
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. तुम्ही एसीत बसून चाचण्या वाचा. मी वीस वर्षं दुकान चालवतोय. कॉलेजची पोरं झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह खुपसतात, घरी येऊन बघतात तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. प्रोजेक्ट उद्या सबमिट करायचाय आणि आई शेजारी उभी राहून रडतेय. तेव्हा तुमचं ते स्वतंत्र चाचणीवालं मंडळ येतं का?

२०१७ विसरलात? मे महिन्यात वॉनाक्राय, जूनमध्ये नॉटपेट्या, दोन्ही संगणक कुलूपबंद करणारे व्हायरस. आपल्या न्हावाशेव्याचं टर्मिनल बंद पडलं होतं. आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने भावाला हाताशी धरून क्विक हील अँटीव्हायरस उभं केलं, त्याचे चार पैसे द्यायला मराठी माणसाच्या पोटात दुखतं.

बिनपगारी अ‍ॅडमिन
क्विक हीलच्या काटकर बंधूंबद्दल आदरच आहे. पण आदर म्हणून रिन्यूअल करायचं, तर मग मी चितळ्यांची बाकरवडी पण लॅपटॉपात टाकतो.

न्हावाशेव्याचं ते टर्मिनल मर्स्कच्या गटाचं. ती जगातली बडी जहाज कंपनी, तिथे कुणी फुकटच्या भरवशावर बसलं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला? आणि वॉनाक्रायचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, हल्ला झाला १२ मेला. दोन महिने ज्यांनी अपडेट दाबून ठेवलं ते बुडाले. तुमच्याच दुकानातून विंडोज टाकून देताना "अपडेट बंद ठेवा, स्लो होतं" असं सांगतात की नाही?

सातारी बाणा
माझ्या दुकानात नाही सांगत. बाजूच्या दुकानाचं मला विचारू नका.

अक्षरजुळणी
माझं वेगळंच दुखणं. तीन वर्षांपूर्वी दिवाळी अंकाचं काम, १६० पानं, छापखान्यात फाइल द्यायला दोन दिवस. पैसे भरून घेतलेल्या अँटीव्हायरसने मराठी टायपिंगचा कीबोर्ड ड्रायव्हर व्हायरस ठरवून गिळला. अंक तसाच उघडा, आणि टाइप करावं तर नुसती इंग्रजी अक्षरं. रात्री दीड वाजता संपादक फोनवर. तेव्हापासून माझ्याकडे अँटीव्हायरसच नाही. ना फुकट, ना विकत.

बिनपगारी अ‍ॅडमिन
तो ड्रायव्हर प्रत्येक कळ मधल्यामध्ये पकडून दुसरं अक्षर उमटवतो. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळ अशीच पकडतो. संशय येणारच. फोल्डर अपवादात टाकायचा होता. आणि एक विचारू? ड्रायव्हर विकतचा होता ना?

अक्षरजुळणी
सीडी मित्राची होती.

टंकनवेडा
म्हणजे क्रॅक, चोरीची कॉपी. आणि दोष अँटीव्हायरसला! मुळात अजून युनिकोडवर, कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांवर, का आला नाहीत? तुमच्यासारख्यांमुळे निम्म्या मराठी मजकुराचा गुगलला पत्ता नाही.

अक्षरजुळणी
आलो असतो. छापखान्याला पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, फाइल लागते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनचं दरमहाचं भाडं तुम्ही भरणार का? पानामागे काय दर मिळतो ठाऊक आहे? जोडाक्षरं फुटली की लेखक मला शिव्या घालतो, तुम्हाला नाही.

टंकनवेडा
पंचवीस वर्षं हेच रडगाणं. आता जोडाक्षरं फुटत नाहीत. एकदा करून तर बघा.

अक्षरजुळणी
तुम्ही एक अंक लावून दाखवा. एक. मग बोलू.

आत्याबाई
तुमचं फाँटचं भांडण संपलं असेल तर सांगते. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपवर सगळ्यात महाग पॅकेज होतं, भावाने अमेरिकेतून भरलेलं. केवायसीचा फोन आला, समोरच्याने स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावलं, बाबांनी स्वतः "परवानगी द्या" दाबलं. अँटीव्हायरस गप्प. अ‍ॅप खरंच होतं, त्याने ओरडायचं कशावर? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून थोडे पैसे तरी गोठले. बाबा अजून शेजाऱ्यांना सांगतात, "लॅपटॉपला व्हायरस लागला होता". आम्हीही तसंच म्हणतो.

सातारी बाणा
ताई, वाईट वाटलं. असं माझ्याकडे महिन्याला एखादं तरी येतं. त्यात फुकट-विकत काही नाही, कबूल.

अ‍ॅडमिनसाहेब, तुमचंही कबूल. ओरिजिनल विंडोज, अपडेट चालू, क्रॅक नाही, वाटेल ते पेनड्राईव्ह नाहीत, तर डिफेंडर पुरे. असं गिऱ्हाईक वीस वर्षांत मी दोनदा पाहिलंय. त्यातला एक वारला.

बिनपगारी अ‍ॅडमिन
दुसरा मी. असो. एक तुमच्या बाजूने: डिफेंडरमध्ये खंडणीखोर व्हायरसपासून फोल्डर वाचवायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि ती कोणी करत नाही. मीही बायकोच्या लॅपटॉपवर काल रात्री केली.

अक्षरजुळणी
ते राहू द्या. कुणाकडे त्या ड्रायव्हरची जुनी सीडी आहे का? माझ्या लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह गेलाय. यंदाचा अंक तोंडावर आलाय.

सातारी बाणा
आहे. दुकानात या, पेनड्राईव्हवर देतो. पण पेनड्राईव्ह कोरा आणा, झेरॉक्सवाल्याकडे फिरलेला नको.