मदत हवी आहे: दूध संकलनाचा नवा स्क्रीन कुणी वापरेना, जुना काळा पडदाच बरा म्हणतात

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून छोट्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. १४ वर्षं कोड लिहितोय, पण स्क्रीन कसा असावा हे कधी कुणाकडून शिकलो नाही. डेटाबेसच्या टेबलात जे कॉलम असतील ते तसेच फॉर्मवर मांडायचे, एवढीच आपली कला. आता तीच अंगाशी आलीय.

करवीर तालुक्यात आजोळच्या गावी दूध संस्था आहे. सचिव नात्यानं माझे मामाच. सकाळी सहा ते साडेसात या वेळात ११० च्या आसपास माणसं दूध घालतात. त्यांच्याकडं डॉसवरचा फॉक्सप्रोचा प्रोग्राम होता, मी शाळेत असल्यापासूनचा. कॉम्प्युटर जळाला, नवा आणला, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटांचे डॉस प्रोग्राम चालत नाहीत म्हणून मला सांगावा आला. दोन महिने खपून नवा करून दिला. सभासदाचा कोड टाकला की नाव येतं, मग गाय-म्हैस निवडायचा ड्रॉपडाउन, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). दर आपोआप. 'जतन करा' दाबलं की 'खात्री आहे का?' आणि मग पावती. संचालकांना ऑफिसात दाखवला तेव्हा सगळे खूश होते. चहा-भडंग झालं.

आठव्या दिवशी मामांनी जळालेला कॉम्प्युटर शहरातून दुरुस्त करून आणला आणि जुनंच सुरू केलं. मला म्हणाले, "बाळ, तुझं दिसतंय लई भारी, खरं रांग हालंना झालीया."

त्यातच तीन म्हशींचं दूध गायीच्या दरानं लागलं. एक मावशी पावती घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या म्हशीची गाय कवा झाली?"

मी ऑफिसात स्वतः बसून वेळ मोजला. जुन्यात एका नोंदीला ११ सेकंद, माझ्यात १४. तीन सेकंदांनी रांग कशी काय अडते? ड्रॉपडाउनच्या जागी मोठी बटणं देऊ का? खात्रीचा चौकोन लाल करू का, म्हणजे चुका थांबतील? 'युजरला ट्रेनिंग द्या' एवढं सांगू नका. मामांना ट्रेनिंग देणारा अजून जन्मायचाय.

उद्यमनगरी:
ऑफिसात मोजलंस तिथंच घोळ झाला बघ. मी एका फौंड्रीला जॉबकार्डचा स्क्रीन करून दिलेला. टच स्क्रीन, झकास हिरवी बटणं. कामगारांच्या हातात मोजे असतात हे मला बटणं दाबली जाईनात तेव्हा कळलं. सहाला जाऊन मामांच्या शेजारी उभा राहा. तोंड उघडू नको, समजावून सांगू नको. कुठला हात कुठं जातोय तेवढं वहीत लिही.

पंचगंगाकाठ:
चौकोन लाल करून काही होत नाही. रोज ११० वेळा तोच प्रश्न विचारला तर दोन दिवसांत तो दिसायचा बंद होतो, मग रंग कुठलाही असो. आधी विचारत बसण्यापेक्षा चूक झाल्यावर ती पटकन उलटवता येऊ दे.

आणि गाय-म्हैस. आधीच्या माणसाला निवडलेलं पुढच्याला तसंच राहतं ना? यालाच मोड म्हणतात: तीच कळ, तेच आकडे, पण मशीन कुठल्या अवस्थेत आहे त्यावर अर्थ बदलतो, आणि माणूस ती अवस्था बघत नसतो. लॅरी टेस्लर (कट-कॉपी-पेस्टवाला) याच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरच 'नोमोड्स' लिहिलेलं होतं, इतका त्याला याचा राग. सभासदाच्या गोठ्यात काय आहे हे तुझ्या डेटाबेसात असेलच की. मग विचारतोस कशाला?

आयटीवाला_पाहुणा:
टॅबलेट द्या सरळ. स्क्रीनवरच आकड्यांचा कीपॅड. कीबोर्डची कटकटच नको.

पंचगंगाकाठ:
@पाहुणा, फोनसारख्या कीपॅडवर १-२-३ वर असतात, कीबोर्डच्या नंबरपॅडवर ७-८-९ वर. वीस वर्षं नंबरपॅडवर न बघता चाललेलं बोट ४.१ फॅटचं ४.७ करून बसेल, आणि कुणाला कळणारही नाही. (उत्पादक खूश होईल ते वेगळं.)

धागाकर्ता:
काल पहाटे गेलो. लाज वाटली, पण लिहितो.

मामांचा डावा हात मोकळाच नसतो. त्यात नमुन्याची बाटली. सगळं काम उजव्या हातानं, नंबरपॅडवर. तिथला एंटर दाबला की जुन्यात पुढच्या रकान्यात जातं. माझ्यात टॅब लागतो, तो कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला. ड्रॉपडाउनला तर माऊस, आणि हात दुधानं ओले.

खात्रीच्या चौकोनाचं विचारलं तर म्हणाले, "त्यो आला की एंटर मारायचा. वाचायचं काय त्यात?"

खरी गोम वेगळीच निघाली. फॅटच्या मशीनला एका नमुन्याचं फॅट मोजायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. तेवढ्यात मामा मागच्या दोघा-तिघांचं दूध मापून कोड आणि लिटर टाकून घेतात. फॅट नंतर, जसं मशीन सांगेल तसं. जुना प्रोग्राम फॅटचा रकाना मोकळा ठेवून पुढं जाऊ देतो. मी मात्र फॅट, एसएनएफ 'आवश्यक' करून ठेवलेत. भरल्याशिवाय जतनच होत नाही! म्हणजे मशीन चालू असताना अख्खी रांग नुसती उभी. माझे १४ सेकंद बरोबर होते, पण प्रत्येक माणसामागं ते पाऊण मिनिट मी आणून ठेवलं होतं. ऑफिसात हे कळणार कसं, तिथं मी फॅट मनानंच टाकत होतो.

एक सभासद एक फॉर्म हे माझ्या टेबलाचं गणित. मामांच्या समोर एका वेळी तीन माणसं अर्धवट झालेली असतात.

रात्री बसून बदललं. एंटरवर पुढं. खात्रीचा चौकोन काढला, शेवटच्या पाच नोंदी खाली दिसत राहतात, एका कळीनं दुरुस्त होतात. गाय-म्हैस सभासदाच्या नावावरून. ज्यांच्याकडं दोन्ही आहेत त्या नऊ जणांनाच विचारतो. गायीच्या नोंदीला फॅट ६ च्या वर आलं तर रकाना पिवळा होतो, अडवत नाही.

अडलंय एकाच जागी. अर्धवट नोंदींची यादी दिसते, मशीनवर फॅट आलं की मामांनी त्यातली नेमकी ओळ निवडायची. आज सकाळी दोनदा चुकीच्या ओळीत गेलं. ओळीला रंग देऊ का?

उद्यमनगरी:
जुन्यात चुकत नव्हते ना? मग बाटल्या कुठं ठेवतात ते सांग.

धागाकर्ता:
फळीवर ओळीनं. आलेल्या क्रमानं, डावीकडून उजवीकडं. माझी यादी वरून खाली आहे, आणि नवीन नोंद सगळ्यात वर.

उद्यमनगरी:
आडवी कर. फळीसारखी. डावीकडचा आधी.

धागाकर्ता:
करतो. उद्या सहाला परत जातोय.