मदत हवी आहे: मिसळ चेनची सब-फ्रँचायझी, पण सही नक्की कोणाची घ्यायची?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका मिसळ चेनची सब-फ्रँचायझी घ्यायची आहे. कागद उलगडले तर तीन वेगळे मालक निघाले. वर्ग ४३ मधला (उपाहारगृह सेवा) ट्रेडमार्क संस्थापकांच्या भावाच्या नावावर, मास्टर फ्रँचायझी (चेनचा मुख्य परवाना) पुण्यातल्या एका एलएलपीकडे (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था), आणि तर्रीचा मसाला पुरवणारी फर्म तिसरीच. मसाल्यासाठी वर्ग ३० लागतो. तिथला अर्ज ‘ऑब्जेक्टेड’ दिसतोय, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाने हरकत घेतलीय.

रॉयल्टी विक्रीच्या ६ टक्के, एलएलपीला. महिन्याला ४ लाख विक्री धरली तर २४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०. आपण ५ टक्क्यांत बिल करणार, म्हणजे इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. खरी रॉयल्टी पडते ७.०८ टक्के. हे कोणी आधी सांगत नाही.

खरी गोम पुढे आहे. मास्टर करार दोन वर्षांत संपतो, आमचा मात्र पाच वर्षांचा! शिवाय एलएलपीला पुढे सब-लायसन्स (आमच्यासारख्यांना परवाना) देण्याचा अधिकार आहे, असं मास्टर करारात स्पष्ट लिहिलेलंच नाही. मसाला त्याच फर्मकडून घेण्याची सक्ती आहे, पण पुरवठा थांबला तर पर्याय काय, यावर एक ओळही नाही.

मार्कमालकाचं ना-हरकत पत्र पुरेल, की त्रिपक्षीय करारच धरून बसावं? आणि मास्टर गेला तर आमचा करार थेट मार्कमालकाकडे वर्ग होईल, डिपॉझिटसकट, असं कलम कोणी घालून घेतलंय का? असल्यास मसुद्याचे शब्द कृपया इथेच टाका.