मदत हवी आहे: गिटहबवर पुश करताना "परमिशन डिनाइड", तेही भलत्याच खात्याच्या नावाने

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची ग्रंथयादी मी गिटहबवर (फायली त्यांच्या बदलांसकट ऑनलाइन ठेवायच्या सेवेवर) सांभाळते. पुस्तकांच्या नोंदी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फायलींत आहेत आणि त्यांवरून गिटहब पेजेसवर एक साधं संकेतस्थळ तयार होतं. पुस्तक वाचनालयात आहे का, हे वाचक फोनवर बघतात आणि मगच येतात. म्हातारी माणसं चार किलोमीटर चालत येऊन रिकाम्या हाती परत जाऊ नयेत, म्हणून हे सुरू केलं. रेपो (म्हणजे या फायलींचा गिटहबवरचा साठा) सार्वजनिक आहे आणि माझ्या घरच्या खात्यावर आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. लॅपटॉप माझाच, पण त्यावर कंपनीचं गिटहब खातंही वापरावं लागतं. दोन्ही खात्यांसाठी वेगळ्या एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फायलींच्या जोड्या) आहेत. लॉगिन केलं की कंपनीने दिलेली एक स्क्रिप्ट ऑफिसची की आपोआप एजंटमध्ये (की हाताशी ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) भरते.

आता अडचण. ग्रंथयादीचा रेपो क्लोन होतो (लॅपटॉपवर उतरतो), पुलही होतो (नवे बदल येतात). पुश करायला (माझे बदल वर पाठवायला) गेलं की उत्तर येतं: "एरर: परमिशन टू... डिनाइड टू...". यातलं पहिलं नाव माझ्या घरच्या रेपोचं आणि शेवटचं नाव ऑफिसच्या खात्याचं! त्याखाली नेहमीचं "कुड नॉट रीड फ्रॉम रिमोट रिपॉझिटरी".

हे तपासून झालं आहे:

घरची पब्लिक की घरच्या खात्यात जोडलेली आहे. यूजर डॉट ईमेल घरचा आहे. एसएसएचच्या कॉन्फिग फायलीत 'गिटहब-घर' असं वेगळं होस्ट नाव दिलं आहे, त्याखाली होस्टनेम गिटहब.कॉम आणि आयडेंटिटीफाइलमध्ये घरच्या कीचा पत्ता आहे. रेपोचा रिमोटही (पुश जिथे जातं तो पत्ता) 'गिटहब-घर' असाच आहे.

चक्रावणारी गोष्ट ही की हे सगळं बसवलं त्या दिवशी पुश व्यवस्थित झालं होतं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि तेव्हापासून बंद. मध्ये कॉन्फिगला मी हात लावलेला नाही. नवीन खरेदीच्या पुस्तकांच्या नोंदी तयार होऊन पडल्या आहेत आणि ग्रंथपाल काका रोज विचारतात.

लॅपटॉपवर उबुंटू आहे. फोनवरून लिहितेय, त्यामुळे संदेश आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत.

प्रतिसाद १

सोपा उपाय: रेपोच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑफिसचं खातं कोलॅबोरेटर (सहकारी) म्हणून जोडून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद २

वरच्या उपायाशी मी सहमत नाही. काही कंपन्यांची खाती गिटहबच्या एंटरप्राइज व्यवस्थेत कंपनीच चालवते. अशा खात्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि कंपनीचं लघुरूप असतं. त्या खात्यांना कंपनीबाहेरच्या रेपोत लिहिताच येत नाही, त्यामुळे ते जोडूनही उपयोग नाही. आणि खातं साधं असलं तरी ताईंनी नोकरी बदलली की प्रवेश गेला. गावच्या वाचनालयाचं काम कंपनीच्या ओळखीवर टांगून ठेवू नये.

ताई, एक सुचवतो. एसएसएच सोडून एचटीटीपीएस (वेबचा नेहमीचा मार्ग) वापरून बघा. मात्र तिथे खात्याचा पासवर्ड चालणार नाही, गिटहबने तो १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केला आहे. सेटिंगमधून पर्सनल ॲक्सेस टोकन (पासवर्डऐवजी चालणारा गुप्त मजकूर) बनवा, त्यात फक्त हाच रेपो निवडा आणि कंटेंट्सला रीड-राइट द्या.

प्रतिसाद ३

टोकनने काम होईल, पण मूळ कारण तसंच राहील. शिवाय एचटीटीपीएसमध्येही साठवलेली जुनी ओळख अशीच आडवी येऊ शकते. विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ऑफिसचं खातं बसलेलं असतं आणि पुशला ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) मिळतो.

ताईंनी दिलेला संदेश नीट वाचला तर अर्धं काम तिथेच होतं. प्रवेश नाकारल्याचे तीन संदेश लोक एकाच मापाने मोजतात आणि मग सरसकट की पुसून नवी बनवत बसतात. ते तीन संदेश वेगवेगळे आहेत.

"परमिशन डिनाइड", पुढे कंसात "पब्लिककी": गिटहबने तुम्हाला ओळखलंच नाही. पाठवलेली एकही की कुठल्याही खात्यात सापडली नाही, किंवा की पाठवलीच गेली नाही.

"डिनाइड टू अमुक": ओळख पटली आहे. तुम्ही अमुक आहात हे मान्य, पण अमुकला इथे लिहायची परवानगी नाही.

"रिपॉझिटरी नॉट फाउंड": पत्ता चुकला असेल, किंवा रेपो खाजगी आहे आणि ज्या ओळखीने तुम्ही आलात तिला तो दिसतच नाही. खाजगी रेपो अस्तित्वात आहे एवढंही परक्याला कळू नये, म्हणून गिटहब तिथे "परवानगी नाही" म्हणत नाही.

तुमचा प्रकार दुसरा. रेपो सार्वजनिक असल्याने क्लोन आणि पुल कुठल्याही ओळखीने होतात, म्हणून पुशपर्यंत काही जाणवलं नाही. म्हणजे तुमची की, तिची परवानगी, खात्यातली नोंद यांत बिघाड शोधायची गरज नाही. ऑफिसची की आधी का जाते, एवढाच प्रश्न उरतो.

या दोन कमांड चालवून काय येतं ते सांगा:

एसएसएच-ॲड -एल
एसएसएच -व्हीटी गिट@गिटहब-घर

दुसऱ्या कमांडमध्ये व्ही लहान, टी कॅपिटल. भरपूर ओळी येतील, त्यांतल्या "ऑफरिंग पब्लिक की" आणि "सर्व्हर ॲक्सेप्ट्स की" एवढ्याच बघा.

प्रतिसाद ३.१ (धागाकर्ती)

मनापासून आभार, इतकं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या कमांडला एकच ओळ आली, ऑफिसच्या कीची. दुसरीत "ऑफरिंग" पुढे ऑफिसची की, लगेच "सर्व्हर ॲक्सेप्ट्स की", आणि शेवटी "हाय" म्हणून ऑफिसच्या खात्याचं नाव. घरच्या कीचा पत्ता वरच्या यादीत दिसतो, पण ती पाठवलेली दिसत नाही. कॉन्फिगमध्ये तर स्पष्ट घरची की लिहिली आहे!

प्रतिसाद ३.२

सापडलं. तुमचं कॉन्फिग बरोबर आहे, फक्त अपुरं आहे.

आयडेंटिटीफाइल लिहिलं म्हणजे "हीच की वापर" असा अर्थ होतो, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. ओपनएसएसएच (लॅपटॉपवरचा एसएसएच प्रोग्राम) त्याचा अर्थ "हीसुद्धा वापरून बघ" असा घेतो. तो की पाठवतो तो क्रम असा: ज्या कॉन्फिगमध्ये लिहिल्या आहेत आणि एजंटमध्येही आहेत त्या आधी, मग एजंटमधल्या बाकीच्या, आणि फक्त कॉन्फिगमध्ये असलेल्या सगळ्यात शेवटी.

आता तुमची हकीकत या क्रमावर ठेवून बघा. पहिल्या दिवशी की बनवल्यावर तुम्ही बहुतेक एसएसएच-ॲड करून ती एजंटमध्ये घातली असणार, सगळ्या मार्गदर्शकांत ती पायरी असतेच. त्यामुळे ती दोन्हीकडे होती आणि पहिली गेली. लॅपटॉप बंद झाला, एजंट रिकामा झाला, स्क्रिप्टने त्यात ऑफिसची की भरली. आता घरची की फक्त कॉन्फिगमध्ये, म्हणून रांगेत शेवटी. ऑफिसची आधी गेली, गिटहबने ती ओळखली आणि रांग तिथेच थांबली. रेपोत लिहायची परवानगी आहे की नाही हे गिटहब त्यानंतर तपासतो, आणि तेव्हा एसएसएच मागे जाऊन दुसरी की देत नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने एका नावाने वहीत नोंद केली की वर फ्लॅटच्या दारातही तुम्ही त्याच नावाने उभ्या असता, तसं हे आहे.

उपाय एका ओळीचा. 'गिटहब-घर' या भागात आयडेंटिटीफाइलच्या खाली घाला:

आयडेंटिटीजओन्ली येस

मग एजंटमध्ये काहीही असो, इथे लिहिलेलीच की जाईल. तशीच ओळ गिटहब.कॉमच्या भागात ऑफिसच्या कीसोबतही घाला, नाहीतर उद्या उलटा घोळ होईल. स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही.

की पुसू नका, नव्या बनवू नका. आणि एकच की दोन्ही खात्यांत घालायचा विचार कोणी सुचवला तर सोडून द्या, गिटहब "की इज ऑलरेडी इन यूज" म्हणून नाकारतो. एक की म्हणजे एक ओळख, त्यावरच सगळं उभं आहे.

प्रतिसाद ४

मध्येच विचारतो, माफ करा. नागपूरला हॉस्टेलच्या वायफायवर माझं वेगळंच होतं. "डिनाइड" येतच नाही, नुसतं थांबून राहतं आणि "कनेक्शन टाइम्ड आउट". फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं.

प्रतिसाद ४.१

तुमच्याकडे ओळखीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. वायफायवर २२ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचा नेहमीचा मार्ग, बंद दिसतो. गिटहब एसएसएच ४४३ वरही देतो. कॉन्फिगमध्ये गिटहब.कॉमच्या भागात होस्टनेम एसएसएच.गिटहब.कॉम आणि पोर्ट ४४३ लिहा. पहिल्यांदा जोडताना नव्या पत्त्याचा फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या कीची छोटी खूण) दाखवून "येस" विचारेल. तो गिटहबच्या मदतपानावर छापलेल्या फिंगरप्रिंटशी जुळवून मगच होकार द्या.

प्रतिसाद ४.२

फिंगरप्रिंटचं वर म्हटलंय ते खरंच करा. २४ मार्च २०२३ ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की (गिटहबच्या सर्व्हरची ओळख पटवणारी) बदलली, कारण तिची खाजगी बाजू थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत उघडी पडली होती. जुनी की साठवलेल्या लोकांना "रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड" असा इशारा आला. तेव्हा इशारा येण्याला खरं कारण होतं. पण अनोळखी नेटवर्कवर तोच इशारा आला तर मध्ये कोणीतरी बसलेलं असू शकतं. नोन-होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीतली) ओळ डोळे मिटून पुसायची सवय लावून घेऊ नका.

प्रतिसाद ५ (धागाकर्ती)

झालं! एक ओळ घातली, लॅपटॉप मुद्दाम बंद करून परत सुरू केला, आणि "हाय" पुढे घरच्या खात्याचं नाव. पुशही झालं. सगळ्या नोंदी वर गेल्या. प्रतिसाद ३ वाल्या दादांचे किती आभार मानू! एसएसएच-ॲड मी केलं होतं हा तुमचा अंदाज अचूक होता.

एक उपप्रश्न. ऑफिसच्या कामासाठी यूजर डॉट ईमेल वेगळा लागतो. दरवेळी हाताने बदलायचा का? वाचनालयाच्या सार्वजनिक रेपोत ऑफिसचा ईमेल जाऊ नये असं वाटतं.

प्रतिसाद ५.१

तुमचं वाटणं योग्य आहे. आधी एक वेगळं करून ठेवतो: यूजर डॉट ईमेल हा फक्त कमिटवरचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरचा, शिक्का आहे. पुशच्या परवानगीशी त्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून मघाशी तो बरोबर असूनही उपयोग झाला नाही.

शिक्का फोल्डरप्रमाणे बदलता येतो. गिटच्या (बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या) मुख्य कॉन्फिगमध्ये इन्क्लूडइफ नावाचा भाग असतो, २०१७ मधल्या २.१३ आवृत्तीपासून. घरचे सगळे रेपो एका फोल्डरमध्ये ठेवा, 'गिटडिर:' पुढे त्या फोल्डरचा पत्ता द्या आणि तिथे लागू होणारी वेगळी फाइल दाखवा. त्या फाइलीत घरचं नाव-ईमेल. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका, तिच्याशिवाय आतले रेपो जुळत नाहीत. घरचा ईमेलही उघड नको असेल तर गिटहब नोरिप्लाय पत्ता देतो, तो वापरा.

प्रतिसाद ६

हा धागा कामाचा आहे म्हणून एक भर घालतो. ज्यांची ऑफिसची संस्था एसएएमएल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने प्रवेश) वापरते त्यांना उलटी अडचण येते: की बरोबर, खातं बरोबर, तरी ऑफिसचा रेपो उघडत नाही. की त्या संस्थेसाठी वेगळी मंजूर करावी लागते. सेटिंगमध्ये एसएसएच कीच्या यादीत तिच्यासमोर "कॉन्फिगर एसएसओ" असतं, तिथून करा. आणि वर्षभर न वापरलेली की गिटहब स्वतःहून काढून टाकतो. क्वचित वापरायच्या सर्व्हरवर अचानक "पब्लिककी" वाला संदेश आला तर आधी यादीत की आहे का ते बघा.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)

इन्क्लूडइफ जमलं. आता गावातली दोन मुलं नोंदी भरायला तयार आहेत. त्यांना माझीच की देऊ नये एवढं या धाग्यावरून कळलं. मग कसं करू?

प्रतिसाद ७.१

प्रत्येकाचं स्वतःचं खातं, स्वतःची की, आणि रेपोच्या सेटिंगमधून कोलॅबोरेटर म्हणून आमंत्रण. वैयक्तिक खात्यावरच्या रेपोत कोलॅबोरेटर झाला की लिहायची परवानगी येतेच, कमी-जास्त करता येत नाही. मुख्य ब्रांचवर (रेपोच्या मुख्य प्रतीवर) थेट पुश नको असेल तर ब्रांच प्रोटेक्शन लावा आणि मुलांकडून पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) घ्या. तुमचा रेपो सार्वजनिक आहे, त्यामुळे ही सोय फुकट मिळते.

आमंत्रण सात दिवसांत स्वीकारलं नाही तर रद्द होतं. स्वीकारेपर्यंत त्यांनाही "डिनाइड टू" च दिसेल, म्हणून मुलं समोर बसलेली असतानाच पाठवा आणि तिथेच स्वीकारायला लावा.