लक्षद्वीपची टूर ठरलीय, पण माझं मन होईना

राकसकोप_रोड:
ऑफिसातल्या आठ जणांचं दिवाळीनंतर लक्षद्वीपला जायचं ठरलंय, परमिटचे कागद पण जमा करायलेत, मी एकट्यानंच अजून दिलेले नाहीत. असल्या नाजूक बेटांवर पर्यटकांनी जाऊच नये असं मला वाटायलंय, कारणं दोन. पहिलं पाण्याचं. सगळी 36 बेटं मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, वस्ती 10 बेटांवर, आणि 2011 च्या जनगणनेत माणसं 64 हजारांवर. तिथं ना नदी ना धरण. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं, विहिरीला तेवढंच गोडं पाणी. पंपानं जास्त ओढलं की खालचं खारं वर येतं. आपल्याकडं बेळगावात राकसकोप धरण आटलं तर हिडकल धरणाचं तरी पाणी आहे, तिथं कुठनं आणणार?
दुसरं म्हणजे मालवणला मी स्वतः काय केलं ते. स्नॉर्कलिंगला उतरलो, गाईड पाण्यात ब्रेड कुस्करून मासे जमवत होता, मला दम लागला म्हणून पाय टेकवला तर खाली कट्टदिशी मोडलं. प्रवाळाची फांदी होती, मोडल्या जागी पांढरीफेक. प्रवाळं किती सावकाश वाढतात हे नंतर वाचलं आणि लई वाईट वाटलं.

जांबोटी_होमस्टे:
तुमचं वाईट वाटणं खरं आहे वो, पण बेळगावात बसून दुसऱ्याची रोजीरोटी बंद करा म्हणू नका. माझ्या चार खोल्या आहेत, गावातली तीन पोरं माझ्याकडं कामाला आहेत, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यात हॉटेलात भांडी घासायला गेली असती. बेटावरच्या पोरांनी काय फक्त ट्यूना मासाच धरायचा? आणि पाण्याचं म्हणाल तर तिथल्या कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, दिवसाला 1 लाख लिटर. उपाय निघतात की.

राकसकोप_रोड:
प्लांट आहे, मान्य. पण तो गावाच्या प्यायच्या पाण्यासाठी आहे, आणि तिथली वीज बहुतेक डिझेलवर, ते डिझेल पण जहाजानं येतं. आपण गेल्यावर शॉवर, स्विमिंग पूल, रोज धुतलेल्या चादरी, हे सगळं त्याच्यावरच टाकायचं काय?

निपाणीची_सिस्टर:
मी नर्स आहे, म्हणून वेगळं बोलते. तिथं अवघडलेली बाळंतीण असली तर हेलिकॉप्टरनं न्यावी लागते, हवा खराब असली की थांबायचं. विमानाची धावपट्टी अख्ख्या लक्षद्वीपात अगत्ती बेटावर एकच. "निसर्ग वाचवा" म्हणून दवाखाना आणि जेटी (बोटीचा धक्का) अडवणार असाल तर मी तुमच्या विरोधात. पण दवाखान्याचं नाव पुढं करून रिसॉर्ट घुसवणार असतील तरी विरोधातच. दोन्ही गोष्टी विकासाच्या एकाच पिशवीत घालतात, तिथंच घोळ होतो.

चिकोडी_शुगर:
अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटाचं बघा की मग. साधारण 130 चौरस किलोमीटर जंगल बंदर, विमानतळ आणि टाउनशिपसाठी द्यायचं आणि बदल्यात झाडं लावायची हरियाणात! तिथल्या गलाथिया खाडीच्या किनाऱ्यावर लेदरबॅक ही मोठी समुद्री कासवं अंडी घालतात, तिथंच बंदर. 2004 च्या त्सुनामीत त्याच बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन काही मीटर खचली, दीपगृहाच्या पायथ्याला पाणी आलं. तरी पण मी म्हणतो देशाला बंदर लागतं, ते कुठंतरी होणारच.

राकसकोप_रोड:
कुठंतरी म्हणजे जिथं शोंपेन आदिवासी राहतात तिथंच का, हे कोण सांगणार? हरियाणातल्या झाडाखाली निकोबारचा पक्षी येऊन बसत नाही वो. आणि रोजगाराचंच बोलायचं तर फिलिपिन्सचं बोराकाय बेट बघा. सांडपाणी थेट समुद्रात सोडत होते, शेवटी सरकारनंच 2018 मध्ये सहा महिने बेट बंद ठेवलं. तेवढे दिवस तिथल्या कामगारांनी काय खाल्लं असेल? उघडलं ते एकावेळी 19,215 पर्यटक एवढी मर्यादा घालून. ती आधी घातली असती तर कुणाचा पगार बुडला नसता.

जांबोटी_होमस्टे:
मर्यादेला माझा नकार नाही. पण ती ठरवणार कोण, दिल्लीतला साहेब की बेटावरची पंचायत? आमच्याकडं भीमगड अभयारण्याच्या कडेला नियम येतात ते वरनं, गावाला विचारतच नाहीत.

राकसकोप_रोड:
ह्यात मात्र मी तुमच्या बाजूनं. ग्रुपवर आत्ताच टाकलंय, राहायचं ते बेटावरच्या माणसाच्या घरी, आणि सांडपाणी कुठं सोडता हे विचारूनच बुकिंग करायचं. आठातले दोघं हो म्हणालेत, बाकीचे पूल पाहिजे म्हणायलेत.