नवं दुखणं आणि व्हिडिओ कॉल: पहिली तपासणी समोरासमोरच हवी

शंकासुर
जुन्या बीपी-शुगरचा पाठपुरावा फोनवर करा, माझी ना नाही. पण नवं दुखणं कॉलवर तपासणं मला धोक्याचं वाटतं. पोटदुखीचंच घ्या. डॉक्टर उजवीकडे खाली हळूहळू दाबतात आणि हात झटकन काढतात. हात काढताना कळ आली, तर अपेंडिक्सचा संशय बळावतो. हे कॅमेऱ्यातून कसं करणार? आणि छातीला स्टेथोस्कोप न लावता खोकल्यावर अँटिबायोटिक लिहून देणं तर निव्वळ अंदाजपंचे.

रातराणी
जवळ डॉक्टरच नसेल तर काय, तेही सांगा ना! भर समुद्रातल्या जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र रोममध्ये 1935 पासून आहे. पक्षाघाताचं बघा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. छोट्या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट कुठून आणणार? तो दुसऱ्या गावाहून स्क्रीनवर बघतो, दोन्ही हात समोर धरायला लावतो, एक हळूच खाली येतोय का ते पाहतो, सीटी स्कॅन तपासतो आणि निर्णय देतो. तिथे 'आधी समोर या' म्हणत बसलात तर वेळ हातची गेली.

शंकासुर
उदाहरण चोख, पण माझ्या बाजूचं! तिथे पेशंटपाशी नर्स आहे, सीटी मशीन आहे. गुठळी की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय ठरत नाही, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. मी घरी एकटाच मोबाइल धरून बसलेल्या पेशंटबद्दल बोलतोय.

खोडरबर
समोर गेल्यावर तरी किती डॉक्टर पोटाला हात लावतात हो? दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. त्यापेक्षा कॉलवर नीट प्रश्न विचारणारा बरा. नैराश्य, झोप न लागणं यांत तर बोलणं हीच निम्मी तपासणी. तिथे पहिली भेट कॉलवर झाली तर काय बिघडलं?
(अवांतर: 1905 मध्ये डच शास्त्रज्ञ आइन्टहोवेननं हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर पाठवला, कारण ईसीजीचं यंत्र रुग्णालयात हलवण्याजोगं नव्हतं.)

रातराणी
+1. पहिली भेट की दुसरी, हा निकषच चुकीचा. तक्रार कुठली, ते बघा. छातीत दुखतंय, धाप लागतेय, पोट कडक झालंय असं ऐकलं की डॉक्टरनं गोळ्या न सुचवता कॉल थांबवून रुग्णालयात पाठवावं.

शंकासुर
मनाच्या तक्रारींचं मान्य. बाकी, कॉल थांबवावा हे कागदावर ठीक. पण 'कॉलवर कळत नाही, दवाखान्यात जा' एवढंच सांगितलं, तर पेशंट फी परत मागतो आणि ॲपवर एक स्टार देतो. मग गोळ्या लिहून देण्याचा मोह कुठला डॉक्टर टाळेल?